चालकाचा जीव गेला म्हणून गाडी वाळूत पुरली, ४२ वर्षांनी तिने त्याच्या मृत्यूची गोष्टच बदलली

साल १९६९. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पेंडाइन नावाचं छोटंसं गाव. समुद्राला लागून असलेल्या वाळूच्या टेकाडात काही माणसं खणत होती. गावातल्या म्हाताऱ्यांना खाली काय आहे ते माहीत होतं. त्यातल्या काहींना ही खणाखणी अजिबात पसंत नव्हती. त्यांच्या लेखी ती जागा थडग्यासारखीच होती.

पण त्या वाळूखाली माणूस नव्हता. तिथे एक गाडी होती, तब्बल २७ लिटरच्या विमानाच्या इंजिनाची. कधीकाळी जगातली सगळ्यात वेगवान. तिचं नाव बॅब्स.

ती चालवणाऱ्या माणसाचं नाव होतं जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस. ३ मार्च १९२७ ला याच किनाऱ्यावर, याच गाडीत त्याचा जीव गेला. साखळी तुटली आणि त्या साखळीनेच त्याचा घात केला, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि पुढे सगळ्यांनी तेच मानलं. गाडी पुरली गेली आणि तिच्यासोबत पुरावाही.

आता हा थॉमस होता कोण?

पाद्रीबुवांचा इंजिनियर मुलगा

थॉमसचा जन्म ६ एप्रिल १८८५ चा, वेल्समधल्या रेक्सम गावातला. वडील चर्चमध्ये पाद्री. थॉमस लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडच्या हद्दीतल्या ऑस्वेस्ट्रीला राहायला गेलं. त्याचं शालेय शिक्षण तिथेच झालं आणि पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात त्याने इंजिनियरिंग केलं.

त्या काळात मोटारगाड्यांचा सगळ्यात मोठा ताप म्हणजे गिअर. गिअर बदलताना दात दातांवर आपटायचे, खडखडाट व्हायचा, नवखा ड्रायव्हर असेल तर दात तुटायचेसुद्धा. तरुण थॉमसने यावर डोकं लावलं. पेट्रोलचं इंजिन आणि चाकं यांच्या मधे त्याने विजेची यंत्रणा बसवली. इंजिनाची ताकद काही प्रमाणात विजेच्या मार्गाने चाकांपर्यंत पोचवायची, म्हणजे गिअरची कटकट कमी. आज हायब्रिड गाड्यांमध्ये पेट्रोल आणि वीज एकत्र नांदताना दिसतात. थॉमस या दोघांची सांगड पहिल्या महायुद्धाच्याही आधी घालत होता. त्याच्या नावावर पेटंट जमा होऊ लागली.

रेसिंग मात्र अजून त्याच्या आयुष्यात आलंच नव्हतं.

'लेलँड'वाला माणूस

महाराष्ट्रात एसटीने प्रवास केलेल्या कुणालाही लेलँड हे नाव नवीन नाही. लेलँड हे मुळात इंग्लंडच्या लँकशायरमधल्या एका गावाचं नाव. तिथली लेलँड मोटर्स ही ट्रक आणि बस बनवणारी कंपनी. याच कंपनीने पुढे मद्रासच्या अशोक मोटर्सशी हातमिळवणी केली आणि १९५५ पासून आपल्याकडे अशोक लेलँड हे नाव रूढ झालं.

पण ही झाली खूप नंतरची गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या काळात थॉमस या लेलँड मोटर्सचा चीफ इंजिनियर झाला.

युद्ध संपल्यावर कंपनीने त्याला एक काम दिलं. जगातली सगळ्यात चांगली मोटार बनवायची आणि पैशाकडे बघायचं नाही. इंजिनियरला आणखी काय हवं असतं? थॉमस आणि त्याचा तरुण सहायक रीड रेल्टन कामाला लागले.

१९२० साली लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात लेलँड एट लोकांसमोर आली. आठ सिलिंडर एका रांगेत असलेलं इंजिन, ब्रेक दाबायला निर्वात दाबाची मदत आणि मागच्या सस्पेन्शनमध्ये पिळणाऱ्या दांड्यांचा वापर. यातल्या कितीतरी गोष्टी बाकीच्या गाड्यांमध्ये यायला पुढे बरीच वर्षं लागली. किंमत इतकी की रोल्स-रॉईस स्वस्त वाटावी.

घोडं इथेच अडलं. एवढे पैसे मोजणार कोण? त्यात युद्धानंतर सैन्याने वापरलेले आपले हजारो ट्रक लेलँडने परत विकत घेतले होते आणि त्या व्यवहारात कंपनीचा पैसा अडकला होता. मोटारीचे लाड परवडेनात. जेमतेम दीड डझनाच्या आसपास गाड्या बनल्या आणि काम बंद पडलं. आयर्लंडचा नेता मायकेल कॉलिन्स २२ ऑगस्ट १९२२ ला मारला गेला, तेव्हा तो लेलँड एटमधूनच प्रवास करत होता. विकल्या न गेलेल्या या गाडीची इतिहासातली नोंद अशी राहिली.

वयाच्या सदतिसाव्या वर्षी ट्रॅकवर

आपली गाडी भारी आहे हे लोकांना सांगून पटत नसेल तर काय करायचं? ती पळवून दाखवायची. थॉमसने तेच केलं.

लंडनजवळ सरे परगण्यात ब्रुकलँड्स नावाचा ट्रॅक होता. १९०७ साली खास मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला, काँक्रीटचा, वळणांवर भिंतीसारखा चढत गेलेला. १९२२ साली थॉमस आपली लेलँड घेऊन तिथे उतरला. तेव्हा त्याचं वय होतं ३७. या वयात बरेच रेसर हेल्मेट खुंटीला टांगतात.

सुरुवातीला हसं झालं. पण थॉमसकडे दुसऱ्या रेसरांकडे नसलेली एक गोष्ट होती. गाडीतला एकूण एक नट त्याच्या ओळखीचा होता. शर्यतीत काय बिघडलं ते तो रात्री दुरुस्त करायचा आणि पुढच्या वेळी गाडी आणखी जोरात पळायची.

१९२३ मध्ये त्याने लेलँडची नोकरी सोडली. बायको नाही, मुलं नाहीत. ब्रुकलँड्सच्या आवारातच त्याने एक बंगली घेतली, सोबतीला अल्सेशियन कुत्रे ठेवले आणि शेजारी वर्कशॉप थाटलं. शर्यतीत तो रंगीबेरंगी विणकामाचा फेअर आयल स्वेटर घालायचा. हा धिप्पाड, शांत, स्वेटरवाला माणूस बघता बघता ब्रुकलँड्सचा लाडका झाला. जुलै १९२५ मध्ये अर्नेस्ट एल्ड्रिजच्या अजस्र फियाटशी त्याची समोरासमोर शर्यत लागली. थॉमसच्या लेलँडने ती जिंकली.

ट्रॅक तर जिंकला. आता त्याच्यासमोर एकच आकडा उरला होता, जमिनीवरच्या सर्वाधिक वेगाचा जागतिक विक्रम.

१२५ पौंडांचा राक्षस

त्या काळी विक्रम करायचा तर सर हेन्री सीग्रेव्हसारखी कारखान्याची साथ किंवा माल्कम कॅम्बेलसारखा गाठीशी पैसा लागायचा. सीग्रेव्हच्या मागे सनबीम कंपनी उभी होती. थॉमसकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून त्याने सेकंडहँड गाडी शोधली.

काउंट लुई झबोरोव्स्की हा त्या काळातला गर्भश्रीमंत रेसर. इंग्लंडमधल्या हायम या आपल्या वाड्यावर तो विमानांची इंजिनं बसवून गाड्या बनवायचा. त्याची शेवटची गाडी म्हणजे हायम स्पेशल. ऑक्टोबर १९२४ मध्ये इटलीत मोंझाच्या शर्यतीत झबोरोव्स्कीचा मृत्यू झाला आणि हायम स्पेशल वाऱ्यावर पडली. थॉमसने ती १२५ पौंडांना उचलली.

या गाडीत लिबर्टी या नावाने ओळखलं जाणारं, १२ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन होतं. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानांसाठी अमेरिकेने ही इंजिनं हजारोंनी बनवली. युद्ध संपलं आणि ती स्वस्तात मिळू लागली. क्षमता २७ लिटर. म्हणजे एकेक सिलिंडर सव्वादोन लिटरचा. आजच्या दोन छोट्या हॅचबॅकची अख्खी इंजिनं एकत्र केली तर या गाडीचा जेमतेम एक सिलिंडर भरेल. ताकद साधारण ४५० हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स जुन्या बेंझचा आणि तिथून मागच्या चाकांना ताकद पोचवायला दोन्ही बाजूंनी जाडजूड साखळ्या. सायकलला असते तशीच रचना, फक्त अवाढव्य. त्या साखळ्या चालकाच्या अगदी शेजारून फिरायच्या.

थॉमसने गाडी सोलून काढली. स्वतः डिझाइन केलेले पिस्टन टाकले, चार कार्बोरेटर बसवले, वारा कापेल असा नवा पत्रा चढवला. नावही बदललं. दोन टनांच्या आसपास वजनाच्या या धुडाचं लाडाचं नाव ठेवलं, बॅब्स.

एप्रिल १९२६, दोन दिवस

एवढी गाडी पळवायची कुठे? ब्रुकलँड्सला वळणं होती. सरळ आणि सपाट जागा हवी होती. पेंडाइनला समुद्र ओसरला की सुमारे ११ किलोमीटर लांबीची ओली, घट्ट वाळू उघडी पडते. ब्रिटनमध्ये त्याहून चांगला सरळ रस्ता नव्हता. अडचण एकच, भरतीची वेळ झाली की समुद्र रस्ता परत घेतो.

विक्रमाचा नियम असा की मोजलेलं अंतर एकदा जाताना आणि एकदा येताना पार करायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची. म्हणजे पाठीवर वारा घेऊन फुकटचा वेग मिळवायची सोय नाही.

मार्च १९२६ मध्ये सीग्रेव्हने ताशी १५२.३३ मैलांचा विक्रम केला होता. २७ एप्रिलला थॉमस बॅब्स घेऊन पेंडाइनच्या वाळूवर उतरला. ताशी १६९.३० मैल. आधीच्या विक्रमापेक्षा तब्बल १७ मैल जास्त. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. ताशी १७१.०२ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर.

कारखान्यांच्या आणि श्रीमंतांच्या खेळात १२५ पौंडांची जुनी गाडी जिंकली होती.

३ मार्च १९२७

हा आनंद दहा महिनेही टिकला नाही. ४ फेब्रुवारी १९२७ ला माल्कम कॅम्बेलने याच पेंडाइनवर ब्लू बर्ड पळवली आणि विक्रम ताशी १७४.८८ मैलांवर नेला. तिकडे सीग्रेव्ह हजार हॉर्सपॉवरची म्हणून गाजत असलेली नवी सनबीम घेऊन अमेरिकेला निघण्याच्या तयारीत होता. तिचं लक्ष्य होतं ताशी २०० मैल. बॅब्सने काहीही केलं तरी तो आकडा तिच्या आवाक्यात नव्हता. थॉमसला विक्रम परत हवा असेल तर हातात काही आठवडेच होते.

तो पेंडाइनला पोचला तेव्हा फ्लूमधून जेमतेम उठला होता. ३ मार्चला गाडी वाळूवर आली. काही फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत बॅब्स ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगात असताना ती अचानक घसरली, उलटली, फरफटत गेली आणि पेटली. थॉमसच्या डोक्याला भयंकर मार लागला होता. तो जागीच गेला. वय ४१. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमाचा प्रयत्न करताना जीव गेलेला तो पहिला चालक.

गाडीच्या उजव्या बाजूची साखळी तुटलेली सापडली. चालकाच्या शेजारून फिरणारी साखळी आणि डोक्याची जखम. लोकांनी दोन अधिक दोन चार केले. साखळी तुटून उसळली आणि थेट त्याच्या डोक्यावर बसली, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून जगभर गेली.

या गोष्टीत एक न बोललेला ठपका होता. गाडी कुणी बनवली? थॉमसने. साखळ्या शेजारी ठेवून तिला या वेगापर्यंत कुणी नेलं? थॉमसने. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम इंजिनियरांपैकी एक माणूस स्वतःच्याच धोकादायक रचनेने मेला, असा त्याचा अर्थ निघत होता.

गंमत बघा, थॉमस गेल्यावर अवघ्या २६ दिवसांनी, २९ मार्चला, सीग्रेव्हने फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर ताशी २०३.७९ मैलांचा विक्रम केला. त्याच्या सनबीमलाही साखळ्याच होत्या. पण थॉमसच्या साखळीची गोष्ट काही पुसली गेली नाही.

थॉमसला सरेमधल्या बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात, ब्रुकलँड्सपासून जवळच, पुरण्यात आलं. बॅब्सला पेंडाइनच्याच वाळूत पुरलं गेलं. जिने मालकाचा जीव घेतला ती कुणी पळवू नये, की तिचा तमाशा करू नये, अशीच तेव्हाची भावना होती.

खणायचं की नाही?

वर्षं उलटली. दुसरं महायुद्ध झालं. किनाऱ्याचा तो भाग ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात गेला. बॅब्स जमिनीखाली खाऱ्या पाण्यात गंजत पडली.

उत्तर वेल्समधल्या केपल कुरिगला राहणारा ओवेन विन ओवेन हा बँगोरच्या टेक्निकल कॉलेजात इंजिनियरिंग शिकवायचा. जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं त्याला वेड. बॅब्स बाहेर काढायचीच, असं त्याने ठरवलं. सैन्याची परवानगी हवी होती, थॉमसच्या नातेवाइकांची संमती हवी होती. विरोधही झाला. गेलेल्या माणसाची गाडी गेल्यातच जमा असू द्यावी, असं म्हणणारे लोक होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. विक्रम करणाऱ्या काही गाड्या कंपन्यांच्या होत्या, त्यांचे नकाशे होते, कागद होते. बॅब्स ही एकाच माणसाच्या डोक्यातून उतरलेली गाडी. ती वाळूत विरघळली असती तर थॉमसच्या हातचं सगळ्यात मोठं काम कायमचं गेलं असतं.

१९६९ मध्ये बॅब्स वर आली. मिठाने पत्र्याची चाळण केली होती. पण सांगाडा होता, इंजिन होतं, साखळ्यांची यंत्रणा होती आणि चाकंही होती.

ओवेनने ते सगळं घरी नेलं आणि पुढची सुमारे १५ वर्षं त्यावर घालवली. असं काम म्हणजे नुसती रंगरंगोटी नसते. गंजलेला प्रत्येक भाग मोकळा करायचा, वाचेल तो वाचवायचा, वाचणार नाही त्याच्या मापाने नवा बनवायचा, लिबर्टी इंजिनाचे जुने सुटे भाग जगभर शोधायचे. जुन्या फोटोंवरून पत्र्याचा बाक ठरवायचा.

हे करता करता आणखी एक काम आपसूक होत होतं. ४२ वर्षांनी अपघाताचा पंचनामा नव्याने होत होता.

आणि त्यातून निघालं वेगळंच. गाडीच्या अवशेषांवरून अपघाताची सुरुवात साखळीने झाली नसावी, असं दिसू लागलं. संशयाची सुई वळली उजव्या मागच्या चाकाकडे. तारांचं ते चाक त्या वेगात आधी निकामी झालं, त्यामुळे गाडी घसरली आणि उलटली, साखळी तुटली ती या सगळ्या आदळआपटीत. थॉमसच्या डोक्याला मार लागला तो गाडी उलटून फरफटली तेव्हा. आज बॅब्सचे बहुतेक अभ्यासक हीच बाजू धरतात. साखळीने मान उडवल्याची गोष्ट मात्र अजूनही सांगितली जाते, कारण ती सांगायला सोपी आहे.

चाक तुटणं हाही दोषच. पण तो त्या काळच्या प्रत्येक विक्रमवीराच्या वाट्याला येऊ शकणारा दोष होता. एवढ्या वेगाला कुठलं चाक किती टिकेल हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. कॅम्बेल आणि सीग्रेव्ह हेही त्याच अंधारात गाडी हाकत होते.

मागे काय उरलं?

थॉमसचं वर्कशॉप बंद पडलं नाही. त्याच्या सहकाऱ्यांनी ते थॉमसन अँड टेलर या नावाने ब्रुकलँड्सलाच पुढे चालवलं. त्याचा जुना सहायक रीड रेल्टन तिथे डिझाइन करू लागला. १९३० च्या दशकातली कॅम्बेलची ब्लू बर्ड तिथलीच. जॉन कॉबची नेपियर-रेल्टनही तिथलीच. १९३५ साली तिने ब्रुकलँड्सवर ताशी १४३.४४ मैलांची फेरी मारली आणि तो विक्रम ट्रॅक बंद होईपर्यंत कुणाला मोडता आला नाही. १९४७ मध्ये रेल्टनच्याच डिझाइनच्या गाडीतून कॉबने ताशी ३९४ मैलांचा जागतिक विक्रम केला. १९२० साली लेलँडच्या ड्रॉइंग बोर्डवर थॉमसच्या हाताखाली शिकलेल्या पोराने थॉमसचा वेग दुपटीच्याही वर नेला होता.

आणि बॅब्स? तिचं २७ लिटरचं इंजिन पुन्हा सुरू झालं. आज ती वर्षातला काही काळ पेंडाइनच्या संग्रहालयात असते आणि काही काळ ब्रुकलँड्सच्या. म्हणजे जिथे तिला पुरलं त्या गावात आणि जिथे तिला थॉमसने घडवलं त्या जागी. तिचं झाकण उघडलं की बाजूला त्या दोन साखळ्या दिसतात.

ओवेन विन ओवेन २०१२ मध्ये गेला. त्याने ती गाडी खणून काढली नसती तर पॅरी-थॉमसचं नाव आजही एका तुटलेल्या साखळीलाच अडकून राहिलं असतं.